कॅलिफोर्नियातल्या दिवाणी दाव्यात ज्युरर नाकारायचा असेल तर

ज्युरर, म्हणजे दाव्याचा निकाल देणाऱ्या सामान्य नागरिकांच्या गटातला (ज्युरीतला) सदस्य, निवडता येत नाही, फक्त नाकारता येतो. पहिल्यांदा कोर्टाची पायरी चढणाऱ्या बहुतेकांचा इथेच घोटाळा होतो. समोर येणारे लोक चिठ्ठी टाकल्यासारखे येतात, त्यातले नको ते बाजूला करायचे आणि उरतील त्यांच्यासमोर दावा चालवायचा.

हा हक्क वादी-प्रतिवादी दोघांनाही आहे आणि त्याचा नागरिकत्वाशी संबंध नाही. एच-वन-बी व्हिसावर असलेला पक्षकारही ज्युरर नाकारू शकतो. स्वतः ज्युरीत बसायचं तर मात्र अमेरिकी नागरिकत्व, १८ वर्षं पूर्ण, त्या काउंटीत वास्तव्य आणि पुरेसं इंग्रजी लागतं. (नावं ड्रायव्हिंग लायसन्सच्या यादीतूनही घेतात, त्यामुळे ग्रीन कार्डवाल्यांनाही समन्स येतं. ते फेकून देऊ नका, 'नागरिक नाही' असं कळवा.)

कागदपत्रं फार नाहीत, पण एक चुकलं तर सगळंच हातचं जातं. ज्युरी हवी असेल तर १५० डॉलर शुल्क मुदतीत भरावं लागतं, साधारणपणे पहिल्या केस मॅनेजमेंट सुनावणीपर्यंत (दावा पुढे कसा चालवायचा हे ठरवणारी सुनावणी). ते परत मिळत नाही. ज्युररना काही प्रश्न लेखी द्यायचे असतील तर प्रश्नावलीचा मसुदा आधी न्यायाधीशांपुढे ठेवा. वाजवी प्रश्नावली त्यांना मनमानीपणे नाकारता येत नाही. बाकी एकेका ज्युररवरची हरकत तोंडी घेतली तरी चालते. निवडीसाठी बोलावलेल्या लोकांच्या अख्ख्या पॅनेलवरच आक्षेप असेल, म्हणजे ते बोलावण्याची पद्धतच सदोष वाटत असेल, तर मात्र कारणांसह लेखी अर्ज आणि समोरच्या पक्षाला प्रत, हे दोन्ही हवं. कुठलीही हरकत ज्युरीचा शपथविधी होण्याआधी घ्यायची.

आधी सकारण हरकती. त्यांना संख्येची मर्यादा नाही. पक्षकाराशी चौथ्या अंशापर्यंतचं रक्ताचं किंवा लग्नाचं नातं (सख्खे चुलत, मामे, आते भावंडं यात आली), मालक-नोकर, घरमालक-भाडेकरू, धंद्यातली भागीदारी, निकालात स्वतःचा फायदा-तोटा, ही कारणं कायद्यातच दिली आहेत. प्रत्यक्ष पूर्वग्रह दाखवणं अवघड असतं. 'तुम्ही निःपक्ष राहाल ना?' असं विचारलं की जवळजवळ प्रत्येक जण हो म्हणतो आणि न्यायाधीश त्याला ठेवतात. त्याऐवजी घरात कोणाचा असा अपघात झाला होता का, विमा कंपनीचा काय अनुभव आला, असं विचारा. माणूस बोलू लागला की तुमचं कारण त्याच्याच तोंडून नोंदीवर येतं.

मग विनाकारण हरकती, म्हणजे पेरेम्प्टरी चॅलेंज. दोनच पक्ष असतील तर प्रत्येकाला ६. जास्त पक्ष असतील तर प्रत्येक बाजूला ८. सुरुवात वादीकडून, नंतर आळीपाळीने. आपल्या पाळीला 'पास' म्हटलं तर शिल्लक हरकती कमी होत नाहीत. पण दोन्ही बाजूंनी लागोपाठ पास म्हटलं की ज्युरीला शपथ दिली जाते, म्हणून समोरच्याने पास म्हटल्यावर आपण पास म्हणताना जरा थांबा. सकारण हरकत फेटाळली गेली आणि पुढे अपिलात तो मुद्दा काढायचा असेल, तर त्या ज्युररवर पेरेम्प्टरी वापरणं, सगळ्या पेरेम्प्टरी संपवणं आणि या ज्युरीबद्दल समाधान नाही असं नोंदवणं, तिन्ही लागतं. वकील न लावता लढणारे बहुधा इथेच अडकतात.

'विनाकारण' म्हणजे वाट्टेल त्या कारणाने नव्हे. वंश, लिंग, धर्म किंवा मूळ देश बघून कोणाला काढता येत नाही. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९८६ साली बॅटसन खटल्यात वंशाबाबत हे ठरवलं, पण त्यात हेतू सिद्ध करावा लागे आणि तो क्वचितच होई. कॅलिफोर्नियाच्या दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम २३१.७ ने ती अट काढली. फौजदारी खटल्यांना ते २०२२ पासून लागू आहे, दिवाणी दाव्यांना १ जानेवारी २०२६ पासून. ज्युररची मातृभाषा इंग्रजी नाही, त्याला दुसरी भाषा येते, त्याचा पेहराव वेगळा आहे, ही कारणं आता सुरुवातीलाच अवैध धरली जातात. मराठी बोलतो म्हणून कोणाला काढलं जातंय असं वाटलं, तर लगेच, इतर ज्युरर ऐकत नसताना, हरकत घ्या. समोरच्या पक्षाला कारण सांगावंच लागतं. न्यायाधीशांनी तुमची हरकत मान्य केली तर ते त्या ज्युररला परत बसवू शकतात, तुम्हाला जादा पेरेम्प्टरी देऊ शकतात किंवा निवड नव्याने सुरू करू शकतात.

भारतात ज्युरी उरली नाही असं आपण धरून चालतो, पण मुंबईच्या पारशी वैवाहिक न्यायालयात न्यायाधीशांसोबत आजही ५ प्रतिनिधी बसतात आणि तिथेही प्रत्येक पक्षाला दोघांना कारण न देता नाकारता येतं.