उमेदवाराचं शपथपत्र: कुठे शोधायचं, काय बघायचं

महापालिकेची निवडणूक लागली की लोक उमेदवाराचं शपथपत्र, म्हणजे अर्जासोबत त्याने गुन्हे आणि मालमत्तेची शपथेवर दिलेली माहिती, बघायला ‘नो युवर कँडिडेट’ ॲप उघडतात, आपल्या प्रभागाचं नाव सापडत नाही आणि ‘माहितीच लपवलीय’ म्हणून नाद सोडतात. ते ॲप भारत निवडणूक आयोगाचं, म्हणजे लोकसभा-विधानसभेपुरतं. ग्रामपंचायतीपासून महापालिकेपर्यंतच्या निवडणुका राज्य निवडणूक आयोग घेतो. तिथली शपथपत्रं त्या आयोगाच्या संकेतस्थळावर किंवा निवडणूक निर्णय अधिकाऱ्याच्या कार्यालयात शोधायची. हे एका ओळीत ठळक छापायला काय हरकत आहे, देव जाणे.

बघायला कसलीच पात्रता लागत नाही. तुम्ही त्या प्रभागाचे मतदार असायलाही हवं असं नाही.

घाई मात्र करू नका. माघारीची मुदत संपण्याआधीच्या यादीत अर्ज बाद झालेले, नंतर माघार घेणारे असे सगळेच असतात. एकाच माणसाचे चार-चार अर्ज असू शकतात, म्हणून एका नावापुढे अनेक फायली दिसतात. नामसाधर्म्याचे उमेदवार तर मुद्दाम उभे केलेले असतात. वडिलांचं नाव, पत्ता आणि फोटो जुळवूनच पुढे वाचा. मुंबई सोडून बाकीच्या महापालिकांत प्रभाग बहुसदस्यीय असतात. अ, ब, क, ड अशा प्रत्येक जागेला वेगळं मत, म्हणजे अभ्यासही प्रत्येक जागेचा वेगळा.

आता मजकूर. विधानसभा-लोकसभेसाठी ‘नमुना २६’ असतो. स्थानिक निवडणुकीचा नमुना वेगळा असला तरी मुख्य प्रश्न तेच. गुन्ह्यांच्या भागात प्रलंबित खटले आणि दोषसिद्धी वेगवेगळ्या दिलेल्या असतात, त्यांची गल्लत नको. आकडा मोजण्यापेक्षा कलम वाचा. मोर्चात मनाई आदेश मोडल्याचा गुन्हा आणि फसवणुकीचा गुन्हा एका तागडीत बसत नाहीत. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू असल्यामुळे त्यानंतर घडलेल्या गुन्ह्यांत ‘४२०’ दिसणार नाही. फसवणुकीसाठी कलम ३१८ बघा.

मालमत्तेत जमिनीची खरेदी किंमत आणि आजचा बाजारभाव अशा दोन ओळी असतात. बरेच जण पहिलीच वाचून ‘एवढीच?’ म्हणतात. पती किंवा पत्नी, अवलंबित आणि हिंदू अविभक्त कुटुंब यांचे रकाने वेगळे असतात, तेही बघा. सरकारी थकबाकीचा रकाना तर कुणी उघडतच नाही.

रकाना रिकामा सोडता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्येच सांगितलंय. ‘निरंक’ किंवा ‘लागू नाही’ लिहावंच लागतं. पण लिहिलेलं खरं आहे का, हे छाननीच्या टेबलावर कुणी तपासत बसत नाही. विद्यमान सदस्य पुन्हा उभा असेल, तर त्याचं मागच्या निवडणुकीचं शपथपत्र शेजारी ठेवून वाचा.

फाईल उघडत नसेल किंवा पानं अर्धवट स्कॅन केलेली असतील, तर थेट कार्यालयात जा. ‘साहेब नाहीत, उद्या या’ असं उत्तर आलं, तर मागणी लेखी द्या आणि पोच घ्या.