सॅइलोअॅ

सॅइलोअॅ : अन्न खारवून, आंबवून, साखरेत किंवा व्हिनेगरात घालून टिकाऊ करणे, या अर्थाचे फिनिश सकर्मक क्रियापद. आघात पहिल्या अक्षरावर. शेवटचा स्वर ‘बॅट’मधल्यासारखा, त्याआधीचा ‘ओ’ मराठीत नाही. ओठ ‘ओ’साठी गोल करायचे आणि जीभ ‘ए’च्या जागी ठेवायची, म्हणजे तो जमतो.

याच कुळातली आणखी दोन क्रियापदे सारखी कानावर पडतात : ‘सॅइल्युअॅ’ म्हणजे टिकणे आणि ‘सॅइल्युत्तॅअॅ’ म्हणजे नीट ठेवणे, जपणे. शिकणाऱ्यांची गल्लत यातच होते. खाद्यपदार्थांच्या वेष्टनावर ‘सॅइल्युतॅ यॅकापिस्सा’ (फ्रिजमध्ये ठेवा) असे छापतात. तिथे सॅइलोअॅ चालत नाही, कारण पदार्थावर काही प्रक्रिया होत नसते.

रूपे सरळ आहेत, धातूचे व्यंजन बदलत नाही : मी ‘सॅइलोन’, तो किंवा ती ‘सॅइलोओ’, ते ‘सॅइलोवॅत’, ‘टिकवलेले’साठी ‘सॅइलोत्त्यु’. मात्र ‘सॅइलो’ (साठवणीची जागा) या नामाची षष्ठीही ‘सॅइलोन’च होते. तिथे संदर्भच कामी येतो.

खरी मेख कर्माच्या विभक्तीत आहे. ‘सॅइलोइन कुर्कुत’ म्हणजे ठरलेल्या सगळ्या काकड्या घालून झाल्या. ‘सॅइलोइन कुर्क्कुया’ म्हणजे काही काकड्या घातल्या, किंवा घालणे चालू होते. नकारार्थी वाक्यात नेहमी हे दुसरे, अंशवाचक रूपच येते. कशात घातले हे सांगताना आत जाण्याची विभक्ती लागते : ‘एतिक्कान’ (व्हिनेगरात), ‘पुर्क्कीन’ (बरणीत). बरणीत आधीपासून असलेल्या वस्तूसाठी ‘पुर्किस्सा’. मराठीचा ‘-त’ दोन्हीकडे चालतो, म्हणून आपल्याकडून हा भेद हमखास निसटतो.

काकडीसाठी रूढ प्रमाण मापाने 1 भाग व्हिनेगर, 2 भाग साखर, 3 भाग पाणी. साखर विरघळेपर्यंत उकळून गार करतात. हे प्रमाण 10 टक्क्यांच्या तीव्र व्हिनेगरचे आहे. 5 टक्क्यांचे घेतले तर आम्लता निम्मी होते आणि काकड्या लवकर बिघडतात. ‘पुओलुक्का’ या आंबट लाल रानफळाला एवढाही खटाटोप लागत नाही : त्यात मुळातच बेंझॉइक आम्ल असते, त्यामुळे ते ठेचून स्वतःच्याच रसात थंड जागी टिकते.

गुरांचा मुरवलेला हिरवा चारा तो ‘सॅइलोरेहु’. त्यात आम्ल घालून पीएच 4 च्या खाली आणण्याची पद्धत आर्तुरी इल्मारी विर्तानेन यांनी शोधली. त्यांना 1945 चे रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले, त्यात या कामाचा खास उल्लेख आहे.