कवकाश्रयी सपुष्प वनस्पती : नव्या जातींचा शोध व वर्गीकरण

हरितद्रव्य गमावलेल्या आणि मुळांत शिरलेल्या कवकाकडून अन्न मिळवणाऱ्या सपुष्प वनस्पतींना कवकाश्रयी वनस्पती म्हणतात. पूर्णपणे कवकावर जगणाऱ्या सुमारे ५०० जाती ज्ञात आहेत. त्यांत ऑर्किडे बरीच आहेत. या वनस्पती कुजक्या पाल्यावर जगतात असे जुन्या पुस्तकांत लिहिलेले आढळते, पण पाला कुजवण्याची क्षमता त्यांच्यात नसते. एरिक ब्यॉर्कमान यांनी १९६० मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात झाडांत टोचलेला किरणोत्सारी कार्बन शेजारच्या मोनोट्रोपा या कवकाश्रयी वनस्पतीच्या रोपांत पोहोचल्याचे दिसले. झाडाने तयार केलेली साखर कवकाच्या तंतूंतून या रोपाला मिळते. बदल्यात रोप काही देते असा पुरावा नाही. गॅस्ट्रोडियासारखी काही ऑर्किडे मात्र लाकूड वा पाला कुजवणाऱ्या कवकांवर जगतात.

नवी जात सापडणे हा बऱ्याच अंशी वेळेचा प्रश्न असतो. वर्षातला बहुतेक काळ ही रोपे जमिनीखाली असतात. फुलोरा थोडे दिवस वर येतो, तोही अनेकदा काही सेंटिमीटर उंचीचा आणि पाचोळ्याखाली दडलेला. बोर्निओ बेटावरील सारावाकमध्ये १८६६ साली ओदोआर्दो बेक्कारी यांनी पाहिलेली थिस्मिया नेपच्युनिस त्यानंतर थेट २०१७ मध्ये दिसली. शिकागोत १९१२ साली सापडलेली थिस्मिया अमेरिकाना १९१६ नंतर कोणालाच आढळलेली नाही.

वर्गीकरणाची अडचण याहून मोठी आहे. एरवी पाने, शिरा, खोड यांवरून बरेच काही ठरते; येथे पाने खवल्यांएवढी उरलेली असतात. त्यामुळे सारी भिस्त फुलावर येते, विशेषतः पुंकेसरांची जोडणी, किंजल्काचा (परागकण स्वीकारणाऱ्या भागाचा) आकार, परिदलनळीच्या (पाकळ्यांसारखी दले जुळून झालेल्या नळीच्या) तोंडाशी असलेले कडे अशा आतल्या भागांवर. मांसल फूल दाबून वाळवले की काळे पडते आणि हे तपशील चिरडले जातात. म्हणून नमुना अल्कोहोलमध्येही ठेवतात आणि ताजेपणीच छायाचित्रे घेतात, कारण अल्कोहोलमध्ये रंग टिकत नाही. डीएनएची वाटही सरळ नाही. वनस्पतींच्या तुलनेसाठी नेहमी वापरली जाणारी हरितलवकातील जनुके येथे नष्ट झालेली किंवा फार बदललेली असतात, त्यामुळे केंद्रकातील व तंतुकणिकेतील जनुकांचा आधार घ्यावा लागतो.

वेगळेपण नेहमी फुलाच्या रचनेतच दिसते असेही नाही. मोनोट्रोपास्ट्रम ह्युमिल ही पांढुरकी वनस्पती हिमालयापासून जपानपर्यंत पसरलेली एकच जात मानली जाई. जपानच्या किरिशिमा भागात तिची गुलाबी रोपे दिसत. पण निव्वळ रंगावरून नवी जात मानणे धाडसाचे, कारण रंगभेद एकाच जातीतही असतात. जपानी वनस्पतिशास्त्रज्ञ केन्जी सुएत्सुगु व सहकाऱ्यांनी फुलांची व मुळांची मोजमापे, डीएनए, फुलण्याचा काळ आणि मुळांतील कवक असे सारे पुरावे एकत्र तपासले. गुलाबी रोपे जवळजवळ ४० दिवस उशिरा फुलतात. त्यामुळे पांढऱ्यांशी त्यांचा संकर होण्याची संधी कमी राहते. दोन्ही रुस्सुला गटातील कवकांवर जगतात, पण गुलाबी रोपांचे कवक निराळ्या वंशाचे निघाले. २०२२ मध्ये मोनोट्रोपास्ट्रम किरिशिमेन्स ही स्वतंत्र जात प्रसिद्ध झाली. येथे सर्वांत बोलका पुरावा कवकाचा आहे असे म्हणावे लागेल, कारण यजमान बदलणे म्हणजे या वनस्पतींसाठी अन्नाचा स्रोतच बदलणे.

नाव वैध ठरण्यासाठी आंतरराष्ट्रीय नामकरण संहितेनुसार लॅटिन किंवा इंग्रजीत वर्णन अथवा भेददर्शक टिपण प्रसिद्ध करावे लागते आणि प्ररूप नमुना, म्हणजे ज्यावर ते नाव कायमचे आधारलेले असते तो नमुना, नमूद करावा लागतो. प्ररूपाची ही अट १९५८ पासून सक्तीची आहे. फरक फारच मूलभूत असतील तर नवी प्रजाती, म्हणजे जातीच्या वरचा गट, स्थापतात. जपानमधील कागोशिमात सापडलेल्या रेलिक्टिथिस्मियासाठी २०२४ मध्ये तसेच करण्यात आले.

एकाच नमुन्यावर जात उभी राहिली तर काय होते, हे थिस्मिया कोबेन्सिसवरून दिसते. तो नमुना १९९२ मध्ये जपानच्या कोबे शहरात मिळाला. तेथील अधिवास पुढे औद्योगिक वसाहतीखाली गेला, आणि २०१८ मध्ये वर्णन झाले तेव्हा जात नामशेष समजली जात होती. २०२१ मध्ये ती त्याच प्रांतातील सांदा येथे पुन्हा सापडली. तेव्हा मिळालेल्या ताज्या फुलांमुळे तिचे वर्णन नव्याने तपासता आले आणि शिकागोच्या हरवलेल्या जातीशी असलेले तिचे साम्यही बारकाईने पाहता आले.