मॉरिशसची वीज: चिपाड, चक्रीवादळं आणि आडवे होणारे पंखे

साताऱ्याजवळ चाळकेवाडीच्या पठारावर वारा पडून पवनचक्क्यांचे पंखे थांबले, तरी खाली शहरात त्याचा कुणाला पत्ता लागत नाही. आपली वीज देशभराच्या ग्रिडला जोडलेली आहे, इथे कमी पडली तर दुसरीकडून येते. मॉरिशसला ही सोय नाही. मुख्य बेट जेमतेम 1,865 चौरस किलोमीटरचं, भोवती हिंदी महासागर, आणि समुद्राखालून शेजाऱ्याकडे जाणारी एकही वीजवाहिनी नाही. 500 मेगावॅटच्या आसपास जाणारी मागणी त्या त्या क्षणी बेटावरच भागवावी लागते. वारा एवढा असून पवनचक्क्या इतक्या कमी का, याचं अर्धं उत्तर इथे आहे. उरलेलं अर्धं उसात आणि वादळात.

बेटावरची सुरुवातीची वीज पाण्यावरची. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमोद इब्राहिम अत्चिया यांनी रेड्यूईला जलविद्युत तयार करून रोझ हिलला पुरवली. 1952 मध्ये सेंट्रल इलेक्ट्रिसिटी बोर्ड ही सरकारी संस्था आली. पण नद्या लहान, पाऊस लहरी. पाण्यावर फार मजल जाणार नव्हती. मग लक्ष गेलं चिपाडाकडे.

कोल्हापूर-सांगलीकडच्या वाचकाला हे वेगळं समजावून सांगायला नको. उसाचा रस काढल्यावर उरलेलं चिपाड बॉयलरमध्ये जाळायचं, त्या वाफेवर कारखानाही चालवायचा आणि वीजही करायची. सेंट अँटोनी कारखान्याने 1957 मध्येच आपली जादा वीज ग्रिडला विकली. आपल्याकडे ‘को-जन’ हा शब्द साखर कारखान्यांच्या सभांत रुळला त्याच्या कितीतरी आधी. (ज्या मळ्यांत हा ऊस पिकला, तिथे एकोणिसाव्या शतकात करारावर गेलेल्या मजुरांत आपले कोकणातले लोकही होते, गणेश चतुर्थीला तिथे आजही सार्वजनिक सुट्टी असते.) मात्र गाळप हंगाम साधारण जून ते डिसेंबर. उरलेले महिने बॉयलर रिकामा कसा ठेवायचा? म्हणून 1980 च्या दशकापासून त्याच बॉयलरमध्ये कोळसा येऊ लागला. ‘उसाची वीज’ म्हणून मिरवल्या जाणाऱ्या केंद्रांत वर्षाचा मोठा भाग कोळसा जळतो, ही गोष्ट मॉरिशसचं कौतुक करणारे सहसा सांगत नाहीत.

आता वारा. आग्नेयेकडून येणारे व्यापारी वारे जून ते सप्टेंबर जोरात असतात, म्हणजे नेमके चिपाड मुबलक असतं तेव्हा. एसी सुरू होऊन मागणी चढते ती डिसेंबर ते फेब्रुवारीत, आणि हाच चक्रीवादळांचा हंगाम. 1960 च्या फेब्रुवारीत ‘कॅरोल’ आलं, तेव्हा वाऱ्याचा झोत ताशी 256 किलोमीटरवर गेला होता. 1975 च्या ‘जर्व्हेज’मध्ये 280. असा वारा अंगावर घेईल असं यंत्र उभारायचं, तर खर्चाचा हिशेबच बदलतो.

यातून वाट काढली ती धाकट्या बेटाने. मुख्य बेटापासून सुमारे 560 किलोमीटर पूर्वेला रॉड्रिग्स आहे. त्याचं ग्रिड स्वतंत्र, वीज डिझेल-फर्नेस ऑइलच्या जनित्रांवर, आणि तेल बोटीने येणार. तिथे त्रेफ्लला 2003-04 मध्ये 60 किलोवॅटच्या तीन आणि 2009-10 मध्ये ग्रेनेडला 275 किलोवॅटच्या चार पवनचक्क्या बसल्या. बनावट फ्रान्सच्या व्हेर्न्ये कंपनीची. तीनऐवजी दोनच पाती, बारीक खांब, चहूबाजूंनी तारांचे ताण आणि बुडाशी बिजागरी. वादळाचा इशारा आला की विंचने, म्हणजे तार गुंडाळण्या-सोडण्याच्या यंत्राने, तार सोडत खांब हळूहळू खाली घ्यायचा, पाती जमिनीला समांतर आणायची आणि सगळं बांधून ठेवायचं. वादळ गेलं की पुन्हा उभं करायचं. होडी किनाऱ्यावर ओढून घेतात, तसाच प्रकार.

मुख्य बेटावर मात्र गाडी रखडली. 2008 मध्ये ‘मॉरिस इल द्युराब्ल’ म्हणजे शाश्वत मॉरिशस अशी सरकारी घोषणा झाली. पुण्यात मुख्यालय असलेल्या सुझलॉनने स्थानिक भागीदारासह प्लेन सोफी इथे 29.4 मेगावॅटचा प्रकल्प मांडला. तो बरीच वर्षं चर्चेत राहिला, उभा राहिला नाही. अखेर ईशान्येला प्लेन दे रोश इथे 2016 मध्ये 11 पवनचक्क्या फिरू लागल्या. क्षमता 9.35 मेगावॅट. देशाच्या एकूण विजेत वाऱ्याचा वाटा अजून एक टक्क्याच्या आतच आहे.

वाऱ्याची वीज क्षणात चढते-उतरते आणि छोट्या ग्रिडला हे झटके सोसत नाहीत, म्हणून मधल्या काळात बोर्डाने 18 मेगावॅटच्या बॅटऱ्या बसवल्या. सरकारने 2021 मध्ये ठरवलं की 2030 पर्यंत 60 टक्के वीज नवीकरणीय असेल आणि कोळसा बंद होईल. दरम्यान युरोपने साखरेचा हमीभाव काढून घेतल्यावर उसाखालची जमीन घटत गेली, आणि जमिनीबरोबर चिपाडही.