व्हेअर द लाइट इज

अमेरिकन गायक, गीतकार आणि गिटारवादक जॉन मेयर यांच्या जाहीर मैफलीचा अल्बम. ‘लाइव्ह इन लॉस अँजेलिस’ हे त्याचे उपशीर्षक आहे. ८ डिसेंबर २००७ रोजी लॉस अँजेलिस येथील नोकिया थिएटरमध्ये झालेला कार्यक्रम ध्वनिमुद्रित आणि चित्रित करून कोलंबिया रेकॉर्ड्सने तो १ जुलै २००८ रोजी सीडी आणि चित्रफीत या दोन्ही रूपांत प्रसिद्ध केला. चित्रीकरणाचे दिग्दर्शन संगीतकारांच्या छायाचित्रांसाठी प्रसिद्ध असलेल्या डॅनी क्लिंच यांनी केले. अल्बममध्ये २२ गीते आहेत. शीर्षक ‘ग्रॅव्हिटी’ या गीतातून घेतले आहे. त्यातील नायक आपल्याला उजेड असेल तिथेच ठेवण्याची विनवणी करतो.

मेयर यांचा जन्म १६ ऑक्टोबर १९७७ रोजी कनेटिकट राज्यातील ब्रिजपोर्ट येथे झाला. किशोरवयात एका शेजाऱ्याने दिलेल्या कॅसेटमुळे ब्लूज या आफ्रिकन-अमेरिकन लोकसंगीतातून आलेल्या शैलीचे टेक्सासचे गिटारवादक स्टीव्ही रे व्हॉन यांचे वादन त्यांच्या कानी पडले आणि त्यांच्या वादनाची दिशा तिथेच ठरली. बोस्टनच्या बर्कली संगीत महाविद्यालयातील शिक्षण अर्धवट सोडून ते अटलांटाला गेले. २००१ च्या ‘रूम फॉर स्क्वेअर्स’ या अल्बमने त्यांना नाव मिळवून दिले खरे, पण ते हळुवार प्रेमगीते गाणाऱ्या देखण्या पॉप गायकाचे नाव होते. ‘डॉटर्स’ या गीताला २००५ मध्ये वर्षातील सर्वोत्तम गीताचा ग्रॅमी पुरस्कार मिळाल्यावर ही प्रतिमा अधिकच घट्ट झाली. त्याच वर्षी मेयर यांनी ढोलवादक स्टीव्ह जॉर्डन आणि बेस गिटारवादक पिनो पॅलाडिनो यांना सोबत घेऊन तीन जणांचा संच उभा केला आणि ‘ट्राय!’ हा मैफलीचा अल्बम काढला. पुढच्या वर्षीच्या ‘कंटिन्युअम’ मध्ये पॉप गीतरचना आणि ब्लूज व सोल (कृष्णवर्णीय अमेरिकनांची भावपूर्ण गायनशैली) या वळणाचे वादन एकत्र आले. लॉस अँजेलिसची मैफल झाली ती या टप्प्यावर. नाताळच्या सुमारास भरवलेला तो धर्मादाय कार्यक्रम होता आणि सभागृह सुरू होऊन जेमतेम दोन महिने झाले होते.

अल्बमची खरी ओळख म्हणजे त्याची तीन भागांतील मांडणी. एकच कलावंत एका रात्रीत तीन वेगवेगळ्या संचांसह रंगमंचावर येतो: आधी ध्वनिक (अकूस्टिक, म्हणजे विजेविना वाजणारी) गिटार घेऊन, मग त्रयीसोबत आणि शेवटी पूर्ण वाद्यवृंदासह. लोकप्रिय गाण्यांची माळ ओवून मोकळे होणारे मैफलीचे अल्बम पुष्कळ असतात. इथे मांडणीलाच एक म्हणणे आहे.

पहिल्या भागात पाच गीते आहेत. सुरुवातीच्या ‘निऑन’ साठी गिटारची सर्वांत खर्जाची तार नेहमीच्या स्वराहून बरीच खाली उतरवलेली असते. उजव्या हाताचा अंगठा त्या तारेवर ठेक्यासारखा आपटत राहतो आणि तर्जनी वरच्या तारा छेडते, त्यामुळे एकाच वाद्यातून बेस, ताल आणि स्वरसंगती एकाच वेळी ऐकू येतात. वर हे सारे वाजवताना वेगळ्या लयीची चाल गायची असते. गिटार शिकणाऱ्यांमध्ये हे गीत अवघड म्हणून प्रसिद्ध आहे, ते मुख्यतः याच मैफलीतील रूपामुळे. ‘इन युअर अ‍ॅटमॉस्फिअर’ हे पुन्हा लॉस अँजेलिसला जायला नको असे सांगणारे गीत लॉस अँजेलिसच्याच श्रोत्यांसमोर गायले गेले, हा योगायोग नसावा. ‘डॉटर्स’ आणि ‘फ्री फॉलिन’ या गीतांत डेव्हिड रायन हॅरिस आणि रॉबी मॅकिंटॉश यांच्या गिटारची साथ आहे. ‘फ्री फॉलिन’ मूळचे अमेरिकन रॉक गायक टॉम पेटी यांचे, १९८९ सालचे. रचना पेटी आणि जेफ लिन यांची. पेटी यांचे गाणे हमरस्त्यावरून सुसाट जाणाऱ्या गाडीसारखे पुढे सरकते. मेयर यांनी लय संथ केली, ढोल काढून टाकले आणि आवाज जवळजवळ कुजबुजीपर्यंत खाली आणला. अल्बममधून स्वतंत्रपणे प्रसिद्ध झालेले हे गीत अनेकांपर्यंत मूळ गीताच्याही आधी पोहोचले.

मधला आठ गीतांचा भाग अल्बमचा गाभा म्हणावा असा आहे. गिटार, बेस आणि ढोल एवढ्याच संचाची परंपरा रॉक संगीतात १९६० च्या दशकात गिटारवादक जिमी हेंड्रिक्स यांच्या संचाने आणि ‘क्रीम’ या ब्रिटिश संचाने रुजवली. अशा संचात दुसरा गिटारवादक किंवा कीबोर्ड नसतो, म्हणून स्वरसंगती सांभाळणे, गायनाला उत्तरे देणे आणि एकल वादन करणे ही तिन्ही कामे एकाच गिटारवर पडतात. चूक झाकायला आडोसा नसतो. भागाची सुरुवात ‘एव्हरीडे आय हॅव द ब्लूज’ या ब्लूज गायक-गिटारवादक बी. बी. किंग यांनी घराघरांत पोहोचवलेल्या गीताने होते. ब्लूजच्या रूढ साच्यात चार मात्रांचे बारा खंड मिळून एक आवर्तन होते आणि ते फिरत राहते. गायक, वादक त्याच आवर्तनात दर वेळी नवे काही मांडतात. या संगीतातील गंधार आणि निषाद कोमल व शुद्ध यांच्या मधोमध कुठेतरी डोलत असतात. गिटारवादक तो स्वर पडद्यावरची तार आडवी ताणून काढतो. सतारीची मींड कानात बसलेल्या मराठी श्रोत्याला त्यातले काम चटकन उमगेल, जरी तिच्या मागचा स्वरविचार वेगळा आहे.

या अंगाचा विस्तार ‘आउट ऑफ माय माइंड’ मध्ये सर्वाधिक दिसतो. विलंबित लयीतल्या या ब्लूजमध्ये मेयर दोन वाक्यांच्या मध्ये भरपूर जागा सोडतात, आणि जॉर्डन व पॅलाडिनो ती भरण्याचा मोह टाळतात. जॉर्डन मोजके आघात देतात, पण प्रत्येक आघात किंचित मागे रेलून येतो. व्हॉन यांच्या वादनाचा ठसा इथे उघड आहे आणि तो लपवण्याचा प्रयत्नही नाही. हेंड्रिक्स यांची दोन गीते, ‘वेट अंटिल टुमॉरो’ आणि ‘बोल्ड अ‍ॅज लव्ह’, १९६७ च्या एकाच अल्बममधून घेतली आहेत. त्यातल्या दुसऱ्यात मेयर गाणे मध्येच थांबवून श्रोत्यांशी प्रेमाविषयी बराच वेळ बोलतात. ते बोलणे थोडे लांबते, आणि त्यानंतर पुन्हा सुरू होणारी गिटारच अधिक नेमके बोलते.

तिसऱ्या भागात नऊ गीते आहेत आणि त्यांतील सात ‘कंटिन्युअम’ मधली आहेत. हॅरिस, मॅकिंटॉश, बेसवर डेव्हिड लाब्रुयेर आणि ढोलांवर जे. जे. जॉन्सन यांच्याबरोबर कीबोर्ड आणि सुषिर वाद्येही आहेत. ‘वेटिंग ऑन द वर्ल्ड टू चेंज’ सारखी रेडिओवर गाजलेली गीते मूळ ध्वनिमुद्रणातल्यासारखीच येतात. त्यांत फार नवे नाही. ‘आय डोन्ट नीड नो डॉक्टर’ हे सोल गायक रे चार्ल्स यांनी गाजवलेले गीत मात्र संपूर्ण संचाला मोकळे रान देते. हे गीत मेयर यांनी त्याआधी, २००५ मध्ये, जॅझ गिटारवादक जॉन स्कोफील्ड यांच्या अल्बमसाठी गायले होते.

‘ग्रॅव्हिटी’ या भागात येते. चार मिनिटांची ही मूळ रचना इथे दुपटीहून अधिक लांबते. तिचा पाया अगदी साधा, दोन-तीन स्वरमेळांचा (कॉर्डचा), तीन-तीन मात्रांच्या संथ हेलकाव्याचा आहे. शब्दही मोजकेच. ब्लूजचे बारा खंडांचे आवर्तन तिच्यात नाही, पण तार ताणून काढलेले स्वर, गायनाच्या ओळीला गिटारने दिलेले उत्तर आणि ताणाची हळूहळू होणारी चढण हे सारे ब्लूजचेच आहे. पहिल्या भागातला हळुवार गळा आणि दुसऱ्या भागातला वादक इथे एकमेकांना भेटतात. हे गीत ‘ट्राय!’ मध्ये त्रयीने मैफलीत वाजवले होते आणि ‘कंटिन्युअम’ साठी स्टुडिओतही मुद्रित झाले होते. तरीही २००९ च्या ग्रॅमी समारंभात सर्वोत्तम एकल रॉक गायनाचा पुरस्कार मिळाला तो लॉस अँजेलिसच्या या मैफलीतील रूपाला. अल्बमचा शेवट ‘आय अ‍ॅम गॉना फाइंड अनदर यू’ या सुषिर वाद्यांच्या साथीने रंगलेल्या, जुन्या सोल वळणाच्या गीताने होतो.