साखळीचे हातमोजे आणि न ठोकलेली कडी

घरी साखळीचे, म्हणजे चिलखतासारखे धातूच्या कड्या एकमेकींत ओवून केलेले, हातमोजे विणायला बसलेल्या माणसापुढे पहिला प्रश्न ठरलेला: कडीची टोकं रिव्हेटने, म्हणजे बारीक खिळ्याने, ठोकायची की नुसती एकमेकांना टेकवायची? बहुतेकांचं उत्तर असतं, टेकवायची. हे उत्तर कसं रूढ झालं आणि त्यावरून अजून भांडणं का होतात, हे कळायला चिलखताच्या दोन हजार वर्षांपेक्षा गेली साठ वर्षंच जास्त उपयोगी पडतात.

तरी जुन्यातली एक गोष्ट मोज्यांसाठी महत्त्वाची आहे. 11व्या शतकातल्या युरोपीय चित्रणात लढवय्यांचे पंजे उघडे दिसतात. 12व्या शतकाच्या अखेरीस चिलखती सदऱ्याची बाही लांबत लांबत हातावर पिशवीसारखी आली: अंगठा वेगळा, चार बोटं एकत्र. तळव्याला मात्र कड्या नसत. तिथे चामडं किंवा कापड, आणि त्याला एक चीर. लढाई नसली की त्या चिरेतून हात बाहेर काढायचा आणि पिशवी मनगटाला लोंबू द्यायची. 1240 च्या दशकात फ्रान्समध्ये रंगवलेल्या चित्रांत अशा लोंबणाऱ्या पिशव्या स्पष्ट दिसतात. पुढे सुट्या बोटांचे मोजे आले आणि 14व्या शतकात पत्र्याच्या मोज्यांनी त्यांची जागा घेतली.

घरगुती विणकामाची खरी सुरुवात 1966 ची म्हणायला हवी. त्या वर्षी कॅलिफोर्नियातल्या बर्कलीत एका घराच्या परसात मध्ययुगीन पोशाखातला मेळावा भरला आणि त्यातून हौशी लोकांची मोठी चळवळ उभी राहिली. अंगावर घालायला चिलखतं हवी होती. हाताशी होती जस्त चढवलेली कुंपणाची तार, एक सळई, कातरी आणि दोन पकडी. सळईवर तार गुंडाळायची, झालेलं वेटोळं उभं कापत जायचं, की कड्या सुट्या होतात. साखळी घडवणारे आपले सोनारही कड्या अशाच पाडतात. मग एका कडीत चार कड्या ओवायच्या आणि तिचं तोंड मिटवायचं.

मध्ययुगीन कारागीर इथे थांबत नसे. तो टोकं एकमेकांवर आणून चपटी करी, भोक पाडी आणि त्यात बारीकसा खिळा ठोकी. एका सदऱ्याला वीस-तीस हजार कड्या सहज लागत. अनेक जुन्या चिलखतांत निम्म्या कड्या अखंड असत, त्यामुळे ठोकायचं काम निम्म्यावर येई, तरीही ते प्रचंडच. हौशी मंडळींनी हा टप्पाच गाळला. त्यांच्या लढाया वेताच्या काठ्यांनी होत. भोसकलं जाण्याची भीती नव्हती. गरजेच्या मानाने निर्णय योग्यच होता.

टीकाकार म्हणतात ते खोटं नाही. टेकवलेली कडी टोकदार शस्त्राने उघडते. ठोकलेली कडी फोडायला कितीतरी जास्त जोर लागतो. पण त्यावरून ‘टेकवलेली कडी ही हौशी लोकांची पळवाट, तिला इतिहासच नाही’ असं जे सरसकट लिहिलं जातं, ते मला मुळीच पटत नाही. 18व्या-19व्या शतकांत हिंदुस्थानात आणि इराणात घडलेली कितीतरी चिलखतं टेकवलेल्या कड्यांची आहेत. काहींत लोखंडी आणि पितळी कड्यांची नक्षीही विणलेली आहे. त्यांतली बरीचशी मिरवण्यासाठी असतील, हे मान्य. त्याच हिंदुस्थानात त्याआधीची रिव्हेटची चिलखतंही आहेत, आणि मधोमध आडवी दांडी असलेल्या अखंड कड्यांचीसुद्धा. म्हणजे कारागिरांना दोन्ही रीती ठाऊक होत्या, आणि काम पाहून ते रीत निवडत. घरी विणणाराही तेच करतो.

आपल्याकडे शब्दांनी गुंता वाढवला आहे. ‘चिलखत’ हा शब्द आपण साखळीलाही लावतो आणि पत्र्यालाही. साखळीसाठी नेमका शब्द होता फारसीतला ‘जिरह’. मराठीत तो ‘जिरेटोपा’त उरला, आणि जिरेटोप म्हटलं की आज डोळ्यांसमोर येतं ते चित्रांतलं कापडी शिरोभूषण. प्रतापगडाखाली 1659 मध्ये अंगरख्याच्या आत काय होतं, हे मराठी पोराला सांगावं लागत नाही. पण त्या विणीसाठी वेगळा शब्द त्याच्या कानावर कधी पडत नाही.

याहून घातक गोंधळ खाटिककामाच्या जाळीदार मोज्यांमुळे झाला. ते स्टेनलेस स्टीलचे, यंत्रावर विणलेले, आणि त्यांची कडी न् कडी वेल्ड केलेली. अमेरिकेत बायकांच्या पर्सची धातूची जाळी विणणारा कारखानाच या मोज्यांकडे वळला, आणि 1980 च्या सुमारास त्याच जाळीतून शार्कच्या दातांपासून वाचवणारा पाणबुड्यांचा पोशाख निघाला. युरोपात 1996 मध्ये अशा मोज्यांसाठी स्वतंत्र मानकही आलं. दिसायला घरचा मोजा तसाच, म्हणून ‘मासे कापताना चालेल का?’ असं हमखास विचारलं जातं. चालणार नाही. सुरीचं टोक टेकवलेली कडी उघडू शकतं आणि निखळलेली कडी अन्नात पडू शकते. फिरत्या पात्यापाशी तर वेल्ड केलेला मोजाही घालायचा नसतो. तो अडकला की हातच ओढला जातो.

1990 च्या दशकात इंटरनेटवरून नमुने फिरू लागले, तयार कापलेल्या कड्या आणि रंगीत ॲल्युमिनियम मिळू लागलं, तशी चर्चा रिव्हेटवरून गुणोत्तरावर आली: कडीचा आतला व्यास भागिले तारेची जाडी. 1.6 मिमी तार आणि 8 मिमी व्यास, म्हणजे 5, हे सदऱ्याला छान बसतं. बोटांवर तीच वीण ढगळ होते आणि सांध्यांवर अडते. म्हणून मोज्यासाठी 1.2 मिमी तार आणि 5 मिमी व्यास, गुणोत्तर 4 च्या जरा वर. ते 3 च्या खाली गेलं की वीण ताठ होते. शिवाय गुणोत्तर कमी असलं की टेकवलेली कडीही सहजी उघडत नाही.

सुरुवातीला अनेकांनी पंजा चहूबाजूंनी कड्यांनी मढवला. मूठ वळली की तळव्यात कड्यांचा गोळा होई आणि मूठीतली वस्तू सटके. आता बरेच जण साधा चामडी मोजा घेतात, पंजाच्या पाठीवर आणि बोटांवर वीण शिवतात आणि तळवा तसाच चामड्याचा ठेवतात.