परदेशात पेटंट घ्यायचं का? आधी तारखा तपासा

‘आंतरराष्ट्रीय पेटंट मिळवून देतो’ असं कुणी म्हणालं तर पैसे देऊ नका. असं पेटंट नसतंच. पेटंट त्या-त्या देशापुरतं मिळतं. भारत १९९८ पासून पीसीटीत, म्हणजे एका अर्जातून अनेक देशांचा रस्ता खुला ठेवणाऱ्या पेटंट सहकार्य करारात आहे, पण त्याखालचा अर्ज मुख्यतः वेळ मिळवून देतो. पुढे प्रत्येक देशात वेगळा अर्ज, तिथला एजंट, भाषांतर आणि तिथली फी आहेच.

म्हणून आधी बाजार बघा. संत्र्यांची प्रतवारी करणारं तुमचं यंत्र काटोल-वरूडपलीकडे विकलं जाणार नसेल, तर भारतीय पेटंट पुरे. ते स्पेनमध्ये विकायचं असेल किंवा नक्कल करणारा कारखाना चीनमध्ये असेल, तर त्या देशांचा विचार करा. जिथे अर्ज नाही, तिथे कुणीही ते बनवलं तरी तुम्हाला काही करता येत नाही.

पहिल्या अर्जानंतर १२ महिन्यांत परदेशी अर्ज करावा लागतो, आणि सगळ्यात जास्त अर्ज मरतात ते याच हिशोबात. समजा प्रोव्हिजनल (तात्पुरता, पहिला) अर्ज १० जून २०२५ ला केला आणि कम्प्लीट स्पेसिफिकेशन, म्हणजे शोधाचा पूर्ण तपशील, ५ मे २०२६ ला भरलं. लोक मे महिन्यापासून वर्ष मोजतात. ते चूक आहे. घड्याळ प्रोव्हिजनलच्या तारखेलाच सुरू झालेलं असतं, त्यामुळे परदेशी किंवा पीसीटी अर्जाची शेवटची तारीख १० जून २०२६. पीसीटी केल्यावर देशोदेशी जाण्याचे ३० महिनेही त्याच पहिल्या तारखेपासून मोजायचे, म्हणजे बहुतेक देशांसाठी १० डिसेंबर २०२७. युरोपियन पेटंट ऑफिस ३१ महिने देतं. तैवान पीसीटीत नाही, तिथे १२ महिन्यांतच थेट अर्ज करावा लागतो.

दुसरी अडचण भारतीय पेटंट कायद्यातल्या कलम ३९ ची. परदेशात अर्ज करायचा तर भारतात राहणाऱ्याने आधी इथे अर्ज करून सहा आठवडे थांबायचं, नाहीतर फॉर्म २५ वर परवानगी घ्यायची. नियमानुसार तिचा निकाल साधारण २१ दिवसांत लागतो. कलमात ‘रहिवासी’ म्हटलंय, ‘नागरिक’ नाही. त्यामुळे अमेरिकेतल्या भावाच्या नावाने तिथे परस्पर अर्ज टाकायचा आणि शोध लावणारे तुम्ही इथे नागपूरजवळ हिंगण्यात, हे चालत नाही. भारतीय अर्ज सोडून दिल्याचं धरलं जातं, शिक्षेचीही तरतूद आहे.

कृषी प्रदर्शनात यंत्र मांडायचंय? पेपर छापायचाय? कृपा करून आधी निदान प्रोव्हिजनल अर्ज करा. स्वतःच जाहीर केलेल्या शोधाला अमेरिका अर्जासाठी एक वर्षाची सवलत देते. युरोप जवळजवळ देतच नाही. उत्साहाने टाकलेला एक व्हिडिओ युरोपचं दार बंद करू शकतो, आणि ते पुन्हा उघडत नाही.

हमखास नसणारा कागद म्हणजे शोधकर्त्याने अर्जदाराला हक्क दिल्याचं लेखी पत्र. विद्यार्थी पास होऊन पुण्या-बंगळुरूला निघून जातात, मग सहीसाठी धावाधाव. प्रोजेक्ट सुरू असतानाच सह्या घ्या. बाकी तपशील, दावे, आकृत्या आणि एजंट असेल तर मुखत्यारपत्र, हे एजंट सांगेलच. परदेशी अर्जांची माहिती इथल्या अर्जात फॉर्म ३ वर द्यावी लागते. हा नियम २०२४ मध्ये बदलला, तरी जुने हिशोब सांगणारे भेटतात आणि भुर्दंड अर्जदाराला बसतो.

नागपूरच्या सिव्हिल लाइन्समध्ये राजीव गांधी राष्ट्रीय बौद्धिक संपदा व्यवस्थापन संस्था आहे, म्हणून फाइल घेऊन तिथे जाऊ नका. ती प्रशिक्षणाची संस्था आहे. महाराष्ट्राचे अर्ज मुंबई पेटंट कार्यालयाकडे जातात, तेही ऑनलाइन.

फीबद्दल एक सांगायलाच हवं. अर्जदार भारतात राहणाऱ्या भारतीय व्यक्ती असतील, तर पीसीटीच्या आंतरराष्ट्रीय फीमध्ये ९० टक्के सूट मिळते. पण सगळेच अर्जदार तसे हवेत. सोबत आपल्या प्रायव्हेट लिमिटेडचं नाव घातलं की सूट गेली. अर्जदार कोण असावा, हे अर्ज भरण्याआधी ठरवा.